पक्षी दिसला? तारीख सांगा!

मे महिन्यात दुपारी दोन वाजता रायपूरच्या पुरानी बस्तीत रस्त्यावर कोण असतं? कुणी नसतं. पारा पंचेचाळीसच्या घरात, नवतपा तोंडावर, दुकानांची शटरं अर्धी खाली. अशा वेळी पिंपळाच्या वाळक्या फांदीवरून तांबट एकसारखा ठोके देत असतो. टुक, टुक, टुक. सगळी गल्ली त्याला ऐकते.

लिहून कोण ठेवतं?

पक्षी पाहणाऱ्यांचा हंगाम थंडीचा. नोव्हेंबर उजाडला की दुर्बिणी बाहेर, कॅमेरे चार्ज, पहाटेच्या गाड्या ठरलेल्या. रायपूरचे हौशी लोक बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदाला निघतात. छत्तीसगडचा पहिला पक्षी महोत्सव तिथंच भरला होता, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२१. आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. दोन्ही उपक्रम उत्तम, आणि ते वाढलेच पाहिजेत. पण होळी पेटली की दुर्बीण कपाटात जाते ती दिवाळीनंतरच बाहेर येते, त्याचं काय?

नेमकं होळीनंतरच इथला पक्षी घर मांडतो.

हिमालय ओलांडून आलेलं बदक चार महिन्यांचं पाहुणं. त्याचे फोटो हजारो. तांबट, साळुंकी, होला, टिटवी, वेडा राघू हे बारा महिन्यांचे रहिवासी. त्यांची अंडी, त्यांची पिल्लं, त्यांची उपासमार सगळी मार्च ते जुलैमधली. त्या पाच महिन्यांत आपण पंख्याखाली.

मग रहिवासी कमी झाले हे कळणार कसं?

पुरानी बस्ती म्हणजे रायपूरचं मूळ गाव. महामाया मंदिर, दूधाधारी मठ, जैतूसाव मठ, अरुंद गल्ल्या, आणि पायी जाता येतील असे तलाव: बूढा तलाव, महाराजबंध, कंकाली. शेजारच्या तात्यापाऱ्यात मराठी घरं. १७५८ साली बिंबाजी भोसले छत्तीसगडचा कारभार बघायला आले. तेव्हापासून धरलं तर आपल्या माणसांना इथं अडीचशेहून जास्त वर्षं झाली. एवढी वर्षं राहूनही शेजारच्या पिंपळावर कोण राहतं, हे विचारल्यावर उत्तर काय येतं?

“कावळे असतील. नाहीतर पोपट.”

पक्षीमित्र याहून बरे, पण त्यांचंही ऐका. “काल नवरंग दिसला, मस्त!” कुठं? “इकडंच, जरा बाहेर.” कधी? “सकाळी.” किती? “एक-दोन असतील.” सोबत इतका सुंदर फोटो की बघत राहावं. आणि माहिती इतकी की काही उपयोग नाही.

नवरंग हा हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून पावसाच्या तोंडावर मध्य भारतात वीण करायला येणारा पक्षी. रायपूरच्या परिसरात तो यंदा कोणत्या तारखेला पोहोचला, हे कळलं तर मोलाचं. गेल्या वर्षीची तारीख सोबत असेल तर दुप्पट मोलाचं. दहा वर्षांच्या दहा तारखा असतील तर ऋतू सरकतोय की नाही, हे सांगता येईल. नुसतं “मस्त” लिहून काय सांगता येईल?

तारखेचं आणि जागेचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक गोष्ट. ती सुरू होते रायपूरच्या पूर्वेला आणि संपते आपल्या नंदुरबारात.

१८७२ साली एफ. आर. ब्लुइट या गृहस्थांनी फुलझर भागात, बसन्याजवळ, एक छोटं घुबड टिपलं. बसना आज महासमुंद जिल्ह्यात येतं. १९९८ पर्यंत ते रायपूर जिल्ह्यात होतं. पुढच्याच वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्या घुबडाला शास्त्रीय नाव दिलं आणि त्यात ब्लुइट यांचं नाव गुंफलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. जगाला तो पहिल्यांदा कळला तो या मुलखातून. रायपूरच्या किती शाळांत हे सांगतात?

हेच ह्यूम पुढं १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढं होते. त्याच सुमारास शिमल्यातल्या घरातून त्यांची वर्षानुवर्षांची पक्ष्यांवरची हस्तलिखितं नोकरानं रद्दीत विकली. माणसानं पक्ष्यांचा नाद सोडला तो कायमचा. देशभरातल्या नोंदी, आणि बाजारात पुड्या बांधायला गेल्या.

रानपिंगळ्याचं पुढं काय झालं? १८८४ पर्यंत खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांना तो मिळाला. नंतर गायब. शोधणारे शोधून थकले. एकच आशा होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: १९१४, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून मोठमोठे लोक गुजरातेत हिंडले. मिळालं काही नाही.

मिळणार कसं? चिठ्ठी खोटी होती.

पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाईंनी तो नमुना तपासला. तो निघाला डेव्हिडसन यांचाच जुना पक्षी. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला, वर नवी तारीख आणि नवी जागा चिकटवलेला. मग बाईंनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं हातात घेतली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

एका खोट्या नोंदीनं पक्षी हरवला. खऱ्या नोंदींनी सापडला. आता सांगा, तारीख आणि जागा हा शिष्टाचार आहे का?

नोंद मोठ्या माणसानंच करायची असते, हाही एक गैरसमज. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ साली आला. त्यामागं तीस हजारांहून जास्त लोकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी आहेत. त्यांत शिक्षक आहेत, बँकेतले कारकून आहेत, गृहिणी आहेत, शाळकरी पोरं आहेत. त्यांनी गच्चीवर उभं राहून दिसलं ते लिहिलं आणि त्यातून ९४२ जातींची कुंडली मांडता आली.

कुंडली बरी नाही. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या साठ टक्के घटल्या आहेत. १७८ जातींना तातडीनं लक्ष हवं आहे. त्या यादीत नीळकंठसुद्धा आहे.

नीळकंठ! दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या आकाशाकडं बघतो तोच. दसऱ्याला शोधणारे लोक मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या हवेतल्या कोलांट्या बघायला जातात का? तेव्हा तो जोडीदारीण मिळवत असतो, जुन्या झाडाची ढोली शोधत असतो. ढोलीचं झाड उरलं नाही तर पुढच्या दसऱ्याला कुणाचं दर्शन घेणार?

आता चिमणी. चिमणीशिवाय पक्ष्यांवरचा लेख संपतो कुठं?

२० मार्चला जागतिक चिमणी दिवस. नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या पुढाकारातून २०१० पासून सुरू झालेला, आज जगभर गेलेला. मराठी माणसानं अभिमान बाळगावा असं काम. पण त्या दिवशी सगळीकडं एकच वाक्य ऐकू येतं: मोबाइलच्या टॉवरनं चिमण्या मेल्या. पुरावा विचारला की गप्प. देशपातळीच्या नोंदी सांगतात की एकूण देशात चिमणी बऱ्यापैकी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. टॉवरचा ठोस पुरावा नाही. संशय दोन गोष्टींवर जास्त आहे: घरट्याला जागा नाही आणि पिल्लांना किडे नाहीत.

टॉवरला शिव्या देणं सोपं, कारण टॉवर आपला नसतो. कवेलूचं छप्पर काढून स्लॅब आपणच टाकला.

पुरानी बस्तीतल्या जुन्या कवेलूच्या घरांत आढ्याजवळ, वळचणीला, भिंतीच्या भोकात चिमणीचं बिऱ्हाड ठरलेलं असायचं. आता भिंत गुळगुळीत, खिडकीला काच, अंगणात फरशी. आणि मग आपण बाजारातून लाकडी घरटं आणून भर उन्हाच्या भिंतीवर ठोकतो. मे महिन्यात त्यात पिल्लू शिजेल, राहील कसं? सावलीत लावा, आठ-दहा फुटांवर, भोक साधारण ३२ मिलिमीटर. त्याहून मोठं ठेवलंत तर साळुंकी घुसते.

आणि दाणे? दाणे मोठ्या चिमणीला. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले दिवस अळ्या-किड्यांवर वाढतं. कुंडीवर कीटकनाशक मारायचं आणि शेजारी तांदळाची वाटी ठेवायची, यात चिमणीचं नेमकं काय भलं झालं?

छत्तीसगडच्या जुन्या माणसांना हे न शिकवता कळत होतं. नव्या धानाच्या ओंब्या विणून झालर करायची आणि दारावर टांगायची, ही इथली रीत. चिरई-चुगनी म्हणतात तिला. पीक घरात आलं की पाखरांचा वाटा दारावर. आज ती झालर हस्तकलेच्या दुकानातून दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात जाते.

पाखरू कपाट उघडणार कसं?

पाण्याच्या परळाचंही तसंच. मार्च लागला की मातीची परळं वाटायचे कार्यक्रम होतात. वाटलेलं परळ एप्रिलमध्ये कोरडं असतं, मेमध्ये शेवाळलेलं. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून, गळा थरथरवून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि त्यात अंगातलं पाणी खर्ची पडतं. म्हणून परळ रोज घासायचं, रोज भरायचं, सावलीत ठेवायचं, दोन इंचांहून खोल नको. मांजराला दबा धरायला आडोसा नसेल अशा जागी. महिन्यातून एकदा भरायचं असेल तर ठेवूच नका. घाण पाण्यातून रोग पसरतो.

राखी धनेशाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. मध्य भारतातल्या जुन्या झाडांच्या वस्त्यांत हा पक्षी टिकून आहे. लांब वाकडी चोच, राखाडी अंग, पिंपळ-वड-उंबराच्या फळांवर जीव. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. विष्ठा आणि फळांचा चोथा यांचाच गिलावा. चोच बाहेर येईल एवढी फट उरते. मग कित्येक आठवडे नर त्या फटीतून फळं भरवत राहतो. आधी तिला एकटीला, नंतर पिल्लांनाही. पंचेचाळीसच्या पाऱ्यात त्याच्या खेपा चालू असतात.

नर मेला तर आतलं सगळं कुटुंब उपाशी.

आणि देशातल्या शहरांत झाडांची छाटणी कधी होते? पावसाळ्याच्या आधी. एप्रिल-मेमध्ये! फांद्या तारांवर पडू नयेत म्हणून काम करावंच लागतं, मान्य. पण ते जानेवारीत केलं तर तारा नाराज होतील का? निदान करवत चालवण्याआधी एकदा वर बघायला किती वेळ लागतो? ढोल्या कुठं आहेत, घरटी कोणत्या फांदीवर आहेत, हे गल्लीतल्या कुणी लिहून ठेवलं असेल तर कामगाराला दाखवता येतं. लिहिलेलं नसेल तर तुम्ही नुसते आरडाओरड करणारे. कागद असेल तर तुमचं म्हणणं ऐकावं लागतं.

मंदिरांचंही. छताखाली पिसं आणि काड्या लाळेनं चिकटवून पाकोळ्या वाट्यांसारखी घरटी करतात. रंगकाम निघालं की पहिली सफाई त्यांची. रंग दोन महिन्यांनी दिला तर देव रागावेल का?

तलावांकडं वळू. छत्तीसगडात जुन्या गावांबद्दल सांगतात की तिथं छै आगर छै कोरी तलाव होते. एक कोरी म्हणजे वीस. हिशेब करा, १२६ होतात. रायपूरही तलावांचंच शहर. त्यातला रजबंधा आज नकाशावर मैदान म्हणून सापडतो. तलाव बुजवला, मैदान झालं, मैदानावर इमारती झाल्या. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यासुद्धा तिथं आहेत. तलाव वाचवा, असे किती अग्रलेख तलावाच्याच पोटात बसून लिहिले गेले असतील?

जे तलाव उरले त्यांचं सौंदर्यीकरण चालतं. दगडी काठ, रेलिंग, रंगीत दिवे, कारंजं, संगीत. संध्याकाळी माणसांना फिरायला जागा झाली हे चांगलंच. पण पाणी आणि जमीन यांच्यामधली चिखलाची उथळ पट्टी गेली. ढोकरी तिथंच उभी राहते. पाणकोंबडी तिथल्याच झुडपात पिल्लं काढते. सरळसोट दगडी भिंतीवर ढोकरीनं उभं कुठं राहायचं?

जलकुंभीचा प्रश्न अवघड आहे, हे कबूल करू. वाढली तर तलाव गुदमरतो, काढलीच पाहिजे. पण टिबुकली पाणवनस्पतींचा तरंगता ढीग रचून त्यावर अंडी घालते आणि उठताना ती ओल्या काड्यांनी झाकून जाते. कमळपक्ष्यात तर अंडी उबवतो नर. वीण चालू असताना यंत्र घालून एका झटक्यात तलाव चकाचक केला की फोटो छान येतो. आत काय गेलं ते फोटोत दिसत नाही. सफाई फेब्रुवारीपर्यंत उरका. एक कोपरा पक्ष्यांना ठेवा. एवढं सोपं काम कुणाला जड जाणार आहे?

पण कोणत्या कोपऱ्यात कोण राहतं हे सांगणारा कागद हवा. पुन्हा तेच!

कागदानं काय होतं ते गोंदियाला जाऊन बघा. रायपूरहून नागपूरकडं निघालेली रेल्वे तिथं थांबते. महाराष्ट्रात सारस क्रौंच वीण करून टिकला आहे तो मुख्यतः त्या टापूत. दर उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, स्थानिक पक्षीमित्र, शेतकरी आणि वनविभाग मिळून सारस मोजतात. कोणत्या गावाच्या कोणत्या बोडीवर किती, हे लिहिलं जातं. आकडा दोन अंकी आहे, काळजीचा आहे. पण तो आहे म्हणून वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सारसानं तर वकील केला नव्हता.

छत्तीसगडातही अशी गावं आहेत, आणि ती शहराला शिकवण्याजोगी आहेत. गरियाबंद जिल्ह्यातलं लचकेरा. कोरबा जिल्ह्यातलं कनकी. आपल्याकडं ज्याला घोंगल्या फोडा म्हणतात तो उघड्या चोचीचा करकोचा पावसाच्या तोंडावर तिथं येतो आणि गावातल्या झाडांवर वसाहत मांडतो. शेतातल्या गोगलगायी खातो. लोक त्याला पावसाचा सांगावा मानतात. लचकेऱ्यात त्याला इजा करणाऱ्याला गावच दंड करतं. घरावर घाण पडते, वास येतो, तरी झाड तोडत नाहीत.

शहरात गच्चीवर दोन पारवे बसले की जाळी लागते.

२०२५ च्या डिसेंबरात बिलासपूरजवळचा कोपरा जलाशय रामसर यादीत गेला. छत्तीसगडातलं पहिलं रामसर स्थळ. आनंदच आहे. पण अशा यादीत नाव जायला आधी काय लागतं? तिथं कोणते पक्षी, किती, कोणत्या महिन्यात, याची वर्षानुवर्षांची टिपणं. ती आभाळातून पडत नाहीत.

टिटवीबद्दल एक ठोकताळा आपल्याकडं घरोघर आहे. तिनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी. दर जूनला कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. खरं की खोटं? टिटवीनं कोणत्या साली कुठं अंडी घातली, याच्या तीस वर्षांच्या नोंदी असत्या तर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. नोंदी नाहीत, म्हणून वाद आहे. हल्ली तर ती सपाट गच्च्यांवरही अंडी घालते. त्या न्यायानं दरवर्षी महापूर यायला हवा.

तिचं खरं नवल वेगळंच आहे. ती पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. उबवायला नव्हे, गार ठेवायला. हे बघायला जंगल लागत नाही. एखादी मोकळी जागा, दुपारचे तीन वाजलेले, आणि लांबून बघण्याची तयारी.

लांबून. हा शब्द कॅमेरेवाल्यांसाठी.

वीण चालू असताना घरट्यासमोरची पानं कापून ‘स्वच्छ’ फोटो काढणारे लोक आहेत. मोबाइलवर आवाज वाजवून नराला वेडापिसा करणारे आहेत; तो बिचारा पिल्लांचं खाणं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. पिंगळ्याची ढोली दहा जणांना दाखवणारे आहेत. घुबडामागं अंधश्रद्धेचा बाजार आहे, हे त्यांना माहीत नसतं? फोटोला शंभर वाहवा मिळतात. घरटं तीन दिवसांत रिकामं होतं.

म्हणून नोंदीत परिसर लिहा, घरट्याचा पत्ता चारचौघांत सांगू नका. तारीख सगळ्यांना सांगा. ढोली कुणालाच नको.

नागपूरच्या संग्रहालयाचे ई. ए. डी’अब्रू यांनी १९३५ साली मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. रायपूर तेव्हा त्याच प्रांतात. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलांत हयात घालवून ‘पक्षिकोश’ लिहिला. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. ही माणसं ऊन आहे म्हणून थांबली नव्हती. आपल्या हातात तर यंत्र आहे. तारीख, वेळ, जागा आपोआप उमटते. आपण फक्त नाव आणि संख्या लिहायची.

तेवढंही जड जातं?

मे महिन्याचा दुसरा शनिवार हा जगभर एकाच दिवशी पक्षी मोजण्याचा दिवस. २०१५ पासून चालू आहे. जगातले लोक त्या दिवशी जंगलांत, किनाऱ्यांवर, बागांत उभे असतात. रायपूरकरांनी सकाळी साडेपाचला उठून बूढा तलावाच्या काठावर उभं राहावं. महाराजबंधावर उभं राहावं. नाहीतर स्वतःच्या गच्चीवर. ऊन चढायच्या आत घरी. महाराष्ट्र मंडळातल्या मंडळींनी नातवंडांना सोबत घ्यावं. पोरांचे डोळे आणि कान आपल्यापेक्षा तल्लख असतात. नागपूर, अमरावती, पुणे, नाशिक, तुम्हालाही हेच लागू.

पंधरा मिनिटं पुरतात. दिसले-ऐकले ते सगळे पक्षी लिहा, फक्त आवडलेले नव्हेत. कावळाही लिहा, कारण कावळा नसेल तर कोकीळ अंडी कुणाच्या घरट्यात घालणार? पारवा लिहा, साळुंकी लिहा. ओळखला नाही तर ‘ओळखला नाही’ लिहा, अंदाजानं नाव ठोकू नका. पंधरा मिनिटांत चिमणी दिसली नाही तर ती यादीत घालू नका. ती नव्हती, हीसुद्धा नोंदच आहे. यादी झाली की मित्रांना पाठवा आणि देशाच्या नोंदीतही टाका. जूनमध्ये चातक आला की त्याची तारीख लिहा. नवरंग ऐकला की त्याची लिहा.

आणि पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा उभे राहा.